चौकटीमागचे हात

आपला गणपती हा पहिला लेखनिक. व्यासांनी सांगावे आणि गणरायाने न थांबता लिहून काढावे, अशी महाभारताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. चित्रकथेत, म्हणजे आपण ज्याला सर्रास 'कॉमिक्स' म्हणतो त्यातही, कामाची वाटणी बहुधा अशीच असते. एक जण गोष्ट रचतो, दुसरा ती चौकटी-चौकटींत उतरवतो. फरक इतकाच, की महाभारताच्या लेखनिकाला आपण अग्रपूजेचा मान देतो आणि चित्रकथेतला हात मात्र पुस्तक मिटले की विसरून जातो.

सुप्पंडी, शिकारी शंभू, नागराज ही नावे आपल्या घरातल्या कोणत्याही मुलाला विचारा, चटकन ओळखेल. पण त्यांना चेहरा कोणी दिला, असे विचारले तर मुलांचे सोडाच, आपणही गप्प बसू. गंमत अशी, की हे हात बरेचसे मराठी होते आणि या गोष्टीचा एक महत्त्वाचा धागा थेट आपल्या बेंगळुरूशी जोडलेला आहे. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या हातांची ही थोडी ओळख.

पोथी चित्रांची

कॉमिक्स ही साहेबाची देणगी, असा एक समज आहे. चौकट, फुगा आणि वर्तमानपत्रातली पट्टी हे रूप पश्चिमेकडून आले, हे खरेच. पण एकामागून एक चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला आपल्या मातीत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात 'चित्रकथका'चा उल्लेख येतो. हे कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. म्हणजे आपण ज्या राज्यात राहतो तिथलेच!

हा धागा आजही जिवंत आहे तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी. तिथल्या ठाकर समाजाचे कलावंत रामायण-महाभारतातले प्रसंग हाताने रंगवलेल्या कागदांवर दाखवतात. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक 'पोथी'. एक चित्र पुढे ठेवायचे, वीणा, हुडुक आणि टाळाच्या साथीने त्यातला प्रसंग गाऊन सांगायचा, मग पुढचे चित्र. छापखाना नाही, प्रकाशक नाही. घरातच काढलेली, घरातच जपलेली आणि बापाकडून मुलाकडे गेलेली ही चित्रकथा. सावंतवाडी संस्थानचा आश्रय गेल्यावर ही कला विझू लागली होती. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घरच्या गोठ्यातच या कलेचे संग्रहालय उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इकडे कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा 'तोगलु गोंबेयाट' करणारा किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात समाज आहे. पडद्यावर खेळ कन्नडमध्ये, पण घरात बोलतात ती बोली मराठीशी नाते सांगणारी. याच परंपरेतल्या कोप्पळच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना वयाच्या नव्वदीनंतर, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. घरी एक भाषा, बाहेर दुसरी आणि चित्र मात्र दोन्हीकडे समजणारे! बेंगळुरूत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कसरत वेगळी समजावून सांगायला नको.

सीमेवरची दोन घरे

छापील मराठी नियतकालिकांत हास्यचित्रे रुजवणाऱ्यांत शंकरराव किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. लोखंडी नांगर करणाऱ्या घराण्यातला हा माणूस हाडाचा चित्रकार. १९२० साली किर्लोस्करवाडीहून त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या बातम्या देणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक होऊन घराघरांत गेले. संपादक स्वतःच व्यंगचित्रे काढणारा असल्यामुळे चित्राला त्या अंकांत दुय्यम जागा नव्हती. 'टाकाच्या फेकी' हे त्यांच्या व्यंगचित्रांचे नावच किती बोलके आहे! या घराण्याचा उद्योग बेळगावातून सुरू झाला आणि पुढे १९४१ मध्ये कर्नाटकात हरिहरपर्यंत आला. यंत्रे आली त्याच वाटेने मासिकेही आली.

दुसरे घर शि. द. फडणीसांचे. त्यांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. आता ते गाव कर्नाटकात आहे. कोल्हापूर, मग मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि मग पुणे असा त्यांचा प्रवास झाला. 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावरचे त्यांचे ते चित्र कोण विसरेल? बाईच्या साडीवर मांजरे आणि शेजारच्या गृहस्थांच्या सदऱ्यावर उंदीर! एक शब्द नाही आणि सगळा संसार त्यात आला. फडणीसांनी हास्यचित्रातून शब्दच काढून टाकले. त्यामुळे त्यांचे चित्र कन्नड माणसालाही हसवते, तमिळ माणसालाही आणि जर्मन माणसालाही. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रे होती. ज्या पिढीने गणित रडत न शिकता हसत शिकले, तिने त्याचे थोडे श्रेय फडणीसांना द्यायला हरकत नाही. २०२५ मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली.

भिंत खराब होऊ नये म्हणून

घरगुती चित्रकथेचे सर्वांत सुंदर उदाहरण गोव्याचे आहे आणि त्याची शाळा बेंगळुरूतली आहे. मारियो मिरांडा यांचा जन्म १९२६ चा, दमणचा. घर गोव्यात लोटलीला. हा मुलगा दिसेल त्या भिंतीवर चित्रे काढत सुटला, तेव्हा आईने त्याला रागे भरण्याऐवजी एक कोरी वही आणून दिली. झाले! मारियोने रोजनिशी लिहिण्याऐवजी काढायला सुरुवात केली. गावातली लग्ने, चर्चमधली मंडळी, पाद्री, वाद्यवाले, शेजारचे काका-काकू, सगळे रोजच्या रोज वहीत. छापण्यासाठी नाही, कोणाला दाखवण्यासाठीही नाही. पुढे १९४९, १९५० आणि १९५१ सालच्या रोजनिशा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, तेव्हा लोकांना कळले की मारियोची ती प्रसिद्ध गर्दी कुठून आली.

या मारियोंचे शालेय शिक्षण आपल्या बेंगळुरूतल्या सेंट जोसेफ्स बॉइज हायस्कूलमध्ये झाले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेच नाही. मुंबईत त्यांनी पदवी घेतली ती इतिहासाची. पद्मश्री, पद्मभूषण आणि २०११ मध्ये निधन झाल्यावर पद्मविभूषण अशा सन्मानांची मालिका झाली, पण मूळ भांडवल आईने दिलेली ती कोरी वही.

उलट दिशेने गेलेले आर. के. लक्ष्मण हे म्हैसूरचे. बेंगळुरूहून डॉ. एम. शिवराम यांनी १९४२ साली काढलेल्या 'कोरवंजी' या कन्नड विनोदी मासिकात लक्ष्मण यांची सुरुवातीची चित्रे आली. ज्या जे. जे. स्कूलने त्यांना प्रवेश नाकारला, त्याच मुंबईत त्यांचा चौकड्यांच्या कोटातला 'कॉमन मॅन' घडला. लक्ष्मण अखेरीस पुणेकर झाले आणि २०१५ मध्ये पुण्यातच त्यांनी डोळे मिटले. आपण तिकडून इकडे आलो, ते इकडून तिकडे गेले. हिशेब बरोबर!

पहिली दहा कन्नड पुस्तके

आता या गोष्टीतला सर्वांत कमी ठाऊक असलेला भाग. 'अमर चित्र कथा' म्हटले की अनंत पै आणि मुंबई ही जोडी आठवते. ते योग्यच आहे. कारकळला जन्मलेले, लहानपणीच आईवडिलांना मुकलेले, बाराव्या वर्षी मुंबईला आलेले आणि रसायन-अभियांत्रिकी शिकून छपाईच्या ओढीने वेगळ्याच वाटेला लागलेले पै. टाइम्स समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चे काम त्यांनी पाहिले होते. १९६४ पासून निघणाऱ्या या मालिकेतला फँटम मराठीत 'वेताळ' झाला आणि आपल्या पिढीने तो सुट्टीत आलटून-पालटून वाचला. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांविषयी सांगता आले, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. ते पाहून पै अस्वस्थ झाले आणि भारतीय कथांची मालिका काढायचे त्यांनी ठरवले. ही हकीगत सर्वश्रुत आहे.

पण 'कृष्ण' या पहिल्या भारतीय कथेचा मूळ मालिकेतला क्रमांक एक नव्हता, अकरा होता. मग आधीची दहा कोणती? ती होती परदेशी परीकथांची आणि त्यांचा उगम बेंगळुरूतला. इंडिया बुक हाउसचे इथले काम पाहणारे जी. के. अनंतराम यांनी सांगितले आहे, की १९६५ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन सिंड्रेलासारख्या कथा कन्नडमध्ये चित्ररूपाने काढल्या आणि 'अमर चित्र कथा' हे नाव प्रथम या कन्नड पुस्तकांवर आले. त्या खपल्या, म्हणून पुढचा विचार झाला. अनेक वर्षे हा तपशील मागे पडला होता. पै यांचे मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. मालिकेला भारतीय आशय, शिस्त आणि आयुष्य दिले ते त्यांनीच. पण इतिहास सांगताना पहिली पायरी गाळू नये, एवढेच. भारतातल्या सर्वांत मोठ्या चित्रकथामालेची पहिली पावले एका प्रादेशिक भाषेत पडली आणि ती भाषा या शहराची होती.

मराठी कुंचला

'कृष्ण'ची संहिता पै यांची आणि चित्रे राम वाईरकर यांची. सुरुवातीच्या पुस्तकांत निळा, पिवळा आणि हिरवा असे मोजकेच रंग वापरले जात. त्या तीन रंगांत यमुना, गोकुळ, कंसाचा दरबार, सगळे उभे करायचे! पुढे पूर्ण रंग आले आणि मालिका चारशेहून अधिक पुस्तकांपर्यंत गेली. प्रताप मुळीक, दिलीप कदम, चंद्रकांत राणे, अशोक डोंगरे ही त्या पुस्तकांच्या आतल्या पानावर छोट्या अक्षरांत सापडणारी नावे. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र दिलीप कदमांनी चित्रित केले. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी देवदेवता आणि वीरपुरुष तर रेखाटलेच, शिवाय अमिताभ बच्चनवर बेतलेला 'सुप्रिमो' त्यांचाच आणि १९८६ मध्ये अवतरलेल्या हिंदीतल्या 'नागराज'ची सुरुवातीची चित्रेही त्यांचीच. उत्तर भारतातल्या एका पिढीचा लाडका नायक पुण्यातल्या टेबलावर आकाराला आला, हे किती जणांना माहीत आहे?

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. आधी संहिता यायची, तिच्यात प्रत्येक चौकटीत काय दिसेल आणि कोण काय बोलेल हे लिहिलेले. चित्रकार पेन्सिलीने आराखडा काढायचा. संपादक वेशभूषा, दागिने, शस्त्रे, देवळाची कमान तपासायचे आणि चूक निघाली की चौकट पुन्हा. मग कुंचल्याने शाई, मग अक्षरे, मग रंग. शिवाय पुस्तक अनेक भाषांत जायचे, त्यामुळे फुग्यातली जागा सगळ्या भाषांना पुरली पाहिजे. इंग्रजीत दोन शब्दांत संपणारे वाक्य मराठीत वेलांट्या-उकारांसह वर-खाली जागा मागते आणि कन्नडची गोल अक्षरे आडवी पसरतात. चित्रकाराने फुगा आखताना अनुवादकाचाही विचार करायचा! यातले बरेच चित्रकार पानामागे मानधन घेणारे. पुस्तक दहा वेळा छापले तरी चित्र एकदाच काढलेले.

१९८० साली 'टिंकल' निघाले आणि या मंडळींना विनोदाची मोकळी जागा मिळाली. १९८३ मध्ये तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने एका भोळसट नोकराच्या गोष्टी लिहून पाठवल्या. त्याला लांबट डोके, तुऱ्यासारखे केस आणि ते निरागस हसू दिले राम वाईरकरांनी. गोष्ट तमिळ मुलखातली, चेहरा मराठी हाताचा, मासिक इंग्रजी, तोच आपला सुप्पंडी! वाईरकर २००३ मध्ये गेले. त्यानंतर त्यांची कन्या अर्चना आंबेरकर यांनी सुप्पंडी पुढे चालवला. पिंगुळीची पोथी जशी बापाकडून पुढच्या पिढीकडे जाते, तशीच ही गेली. त्याच वर्षीचा भित्रा 'शिकारी शंभू' वसंत हळबे यांचा. त्याची टोपी कायम डोळ्यांवर असते, डोळे कधी दिसतच नाहीत. तरी तो घाबरला आहे की फुशारला आहे हे आपल्याला बरोबर कळते. नुसत्या मिशा आणि पाठीच्या कण्यावरून भाव दाखवणे ही काय लहान कला झाली?

गीता आणि चिंटू

सगळ्याच चित्रकथा देवादिकांच्या आणि शूरवीरांच्या नसतात. काही स्वयंपाकघरातल्या असतात. १९८५ च्या सुमारास बेंगळुरूच्या सायंदैनिकात माया कामत यांनी 'गीता' ही मध्यमवर्गीय कुटुंबाची चित्रमालिका सुरू केली. पुढे त्या राजकीय व्यंगचित्रांकडे वळल्या आणि पुरुषांची मक्तेदारी असलेल्या त्या प्रांतात त्यांनी स्वतःची जागा केली. वयाच्या पन्नाशीतच, २००१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचा पुरस्कार इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्टूनिस्ट्स ही संस्था देते. ही संस्थाही २००१ मध्ये बेंगळुरूतच सुरू झाली आणि २००७ पासून महात्मा गांधी रस्त्याजवळ, ट्रिनिटी सर्कलपाशी तिचे व्यंगचित्रांचे दालन आहे. मेट्रोने गेलात तर अगदी हाकेच्या अंतरावर. मुलांना घेऊन एक रविवार तिथे जरूर घालवावा.

आणि आपला चिंटू! २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी त्याला आणले. चिंटू, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, जोशी काकू, हे कोणी अतिमानव नाहीत. परीक्षा, आंबे, क्रिकेटमुळे फुटलेली काच आणि आईची हाक एवढेच त्यांचे जग. रोज दोन-तीन चौकटी, मोजून दहा-पंधरा शब्द. पुढे त्याची पुस्तके झाली, २०१२ आणि २०१३ मध्ये चित्रपटही आले.

परगावी राहणाऱ्या मराठी घरांत चिंटूने एक वेगळेच काम केले. आजी कात्रणे जमवून टपालाने पाठवायची आणि इंग्रजी शाळेत जाणारे नातवंड ती अक्षरे जुळवत वाचायचे. धडा वाचायला सांगितला असता तर पळून गेले असते. पण चित्र आधी कळायचे, म्हणून शब्दापर्यंत यायचा धीर व्हायचा. बाराखडी पाठ असूनही मराठी पुस्तक न उघडणारी मुले आज आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. घरात मराठी बोलतात, मित्रांत कन्नड-हिंदी, शाळेत इंग्रजी. बोलणे टिकते, लिहिणे-वाचणे गळून पडते. ही काळजी आपण मंडळाच्या प्रत्येक सभेत बोलून दाखवतो. तिच्यावरचा एक साधा उपाय मात्र आपल्या हातात असून आपण वापरत नाही.

एक कागद, एक कात्री

गेल्या वीस वर्षांत बेंगळुरू हे चित्रकथांचे मोठे केंद्र झाले आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या व्हर्जिन कॉमिक्सचा स्टुडिओ इथे होता. 'स्पायडरमॅन: इंडिया' रेखाटणारे जीवन कांग त्याच्याशी निगडित होते. त्यानंतर 'मांटा रे'सारखी छोटी प्रकाशने इथल्या तरुणांनी काढली. २०१२ पासून कॉमिक कॉनचा मेळा इथे भरू लागला. त्या मेळ्यात चकचकीत पुस्तकांच्या शेजारी एक टेबल असे दिसते, जिथे कॉलेजातली पोरे स्वतः काढलेल्या, झेरॉक्स करून टाचलेल्या वह्या विकत असतात. मला विचाराल तर चित्रकथेचा खरा जीव त्या टेबलावर आहे.

कारण घरगुती चित्रकथेला भांडवल लागत नाही. दिल्लीच्या शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या साध्या माणसांना ही विद्या शिकवली. दोन ए-फोर कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, आपल्याच वस्तीतली गोष्ट काढायची, झेरॉक्स करायच्या आणि चहाच्या टपरीवर, शाळेच्या भिंतीवर लावायच्या. चित्र सुबक नसले तरी चालते. गोष्ट स्वतःची हवी.

त्याहून सोपा प्रकार घरी करून पाहा. एक ए-फोर कागद तीनदा दुमडला की आठ चौकोन पडतात. उलगडून मधल्या लांब घडीवर फक्त मधल्या दोन चौकोनांएवढी कात्री चालवा आणि कागद पुन्हा लांबीत दुमडून दोन्ही टोके आत ढकला. टाचणीशिवाय आठ पानांची वही तयार! एक पान मुखपृष्ठाचे, एक मागचे, उरली सहा. सहा चित्रांत मूल काय सांगेल? बसमध्ये हरवलेला डबा, पावसात बुडालेला रस्ता, मोदक करताना फाटलेली पारी, गावाहून आलेले आजोबा आणि त्यांची कन्नड कंडक्टरशी झालेली जुगलबंदी. प्रत्येक फुग्यात पाच मराठी शब्द धरले तरी तीस शब्द झाले. निबंधाचे तीस शब्द लिहून घ्यायला आपल्याला किती विनवण्या कराव्या लागतात, ते आठवा!

शुद्धलेखनाची लाल शाई मात्र तेव्हा बाजूला ठेवावी. मारियोच्या आईने वही दिली, चुका काढल्या नाहीत.

पिंगुळीच्या चित्रकथीने पोथीवर नाव घातले नाही, वाईरकर-मुळीक-हळबे यांची नावे आतल्या पानावर बारीक अक्षरांत राहिली. आपल्या मुलांच्या वहीवर मात्र त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत असू द्या, देवनागरीत, मुखपृष्ठावर, त्यांच्याच हाताने लिहिलेले. पुढच्या वर्षी या स्मरणिकेत अशा दोन-चार वह्यांसाठी पाने राखून ठेवली, तर लेखनिक गणरायालाही ते नक्कीच आवडेल.

गणपती बाप्पा मोरया!